सात वर्षांचे युद्ध: ओहायोच्या जंगलापासून विजयदुर्गाच्या खाडीपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धाला काही जण पहिले जागतिक युद्ध म्हणतात, ते खरे का? ते कशामुळे पेटले, कसे चालले, त्यातून काय निघाले? आणि आपले पानिपत नेमके त्याच काळात झाले, हा निव्वळ योगायोग की त्यात काही संबंध आहे?

मी तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. त्यातली बरीच वर्षे अठराव्या शतकातले मराठी आणि इंग्रजी कागद वाचण्यात गेली. एवढ्या काळात हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला, आणि त्यात मुलांचा दोष नाही. आपण प्लासी एका धड्यात शिकतो, पानिपत दुसऱ्या, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध वेगळ्या वर्षाला वेगळ्या पेपरात. आंग्र्यांचे आरमार जळाले ते तर कोकणच्या स्थानिक इतिहासात टाकून दिलेले. या सगळ्यांतून जाणारा धागा कोणी हातात देत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. होय, ते जागतिक युद्ध होते. चर्चिलनेही त्याला तसेच म्हटले आहे. उत्तर अमेरिका, कॅरिबियन बेटे, पश्चिम आफ्रिका, युरोप, बंगाल, कर्नाटक आणि शेवटी फिलिपिन्स, एवढ्या ठिकाणी त्याच्यापायी माणसे मेली. किती मेली याचे अंदाज नऊ लाखांपासून चौदा लाखांपर्यंत जातात. पानिपत मात्र या युद्धाचा भाग नव्हते. अब्दाली आणि मराठे यांचे भांडण पंजाबचे आणि दिल्लीचे होते, ते स्वतंत्रपणे वाढले. पण भाऊसाहेब ज्या ताकदीने आणि ज्या तोफखान्यासह उत्तरेत गेले, त्यामागे या युद्धाचा हात होता. तो कसा, ते ओघात येईल.

या युद्धाला एक सुरुवात नाही, तीन आहेत. पहिली युरोपात. डिसेंबर १७४० मध्ये प्रशियाचा तरुण राजा दुसरा फ्रेडरिक याने ऑस्ट्रियाच्या सिलेसिया प्रांतात अचानक फौज घुसवली. ऑस्ट्रियाच्या गादीवर मारिया थेरेसा नुकतीच आली होती, वय अवघे तेवीस. आठ वर्षे लढून १७४८ मध्ये एक्स-ला-शापेलचा तह झाला, पण सिलेसिया फ्रेडरिककडेच राहिला आणि मारिया थेरेसाने ते मनातून कधीच सोडले नाही. याच तहात फ्रेंचांनी १७४६ मध्ये जिंकलेले मद्रास इंग्रजांना परत मिळाले, आणि त्याबदल्यात इंग्रजांनी कॅनडाच्या दारावरचा लुईबर्ग किल्ला फ्रेंचांना परत दिला. मद्रासच्या बदल्यात कॅनडाजवळचा किल्ला! जगाच्या नकाशावर या दोन ठिकाणांवर बोट ठेवले की मुलांना या भांडणाचा आवाका क्षणात कळायचा.

दुसरी सुरुवात अमेरिकेत, ओहायो नदीच्या खोऱ्यात. कॅनडा आणि लुइझियाना या आपल्या दोन मुलखांना जोडणारी वाट फ्रेंचांना हवी होती. व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतवाल्यांचा डोळा त्याच जमिनीवर होता. जमीन ज्यांची होती त्या मूळ रहिवाशांना दोघांनीही विचारले नाही. २८ मे १७५४ रोजी बावीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने, हो, पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला त्यानेच, काही मूळ रहिवासी योद्ध्यांना बरोबर घेऊन एका फ्रेंच तुकडीवर छापा घातला. त्यात जुमोनव्हिल नावाचा फ्रेंच अधिकारी मारला गेला. पाच-सहा आठवड्यांतच फ्रेंचांनी वॉशिंग्टनला वेढले. शरणागतीच्या कागदावर त्याने सही केली. त्या कागदात जुमोनव्हिलचा 'खून' झाल्याचे फ्रेंच भाषेत लिहिले होते, आणि वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हते. पुढच्या वर्षी जुलैमध्ये जनरल ब्रॅडॉक मोठी फौज घेऊन गेला, त्याच भागात त्याचा धुव्वा उडाला आणि तो मेला. लंडन आणि पॅरिसमध्ये अजून कोणी युद्ध पुकारलेले नव्हते. अटलांटिकवर मात्र फ्रेंच जहाजे धरली जात होती आणि अकेडियातल्या हजारो फ्रेंच शेतकऱ्यांना त्यांच्या घरांतून हुसकून जहाजांत कोंबले जात होते.

तिसरी सुरुवात आपल्या दक्षिणेत. अर्काटची नवाबी कोणाची आणि हैदराबादची गादी कोणाची, या दोन वारसा-भांडणांत फ्रेंच आणि इंग्रज कंपन्या १७४९ पासून एकमेकांविरुद्ध उतरल्या होत्या. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याला १७५४ मध्ये मायदेशी बोलावून घेतले, तात्पुरता समेट झाला, पण त्याचा सरदार बुसी हैदराबादेत निजाम सलाबतजंगाच्या शेजारी पाय रोवून बसला होता. बुसीच्या कवायती पलटणींमुळे निजामशाही उभी होती. पुण्याला याचा चांगला अनुभव होता.

हे तिन्ही विस्तव वेगवेगळे धुमसत होते. ते एक झाले १७५६ मध्ये. जानेवारीत इंग्लंडने प्रशियाशी वेस्टमिन्स्टरचा करार केला. इंग्लंडच्या राजाला आपले जर्मनीतले हॅनोव्हर वाचवायचे होते. त्या कराराने फ्रान्स दुखावला आणि १ मे रोजी व्हर्सायला आपल्या अडीचशे वर्षांच्या वैऱ्याशी, ऑस्ट्रियाशी, हातमिळवणी करून बसला. ऑस्ट्रियाचा मंत्री काउनिट्झ कित्येक वर्षे याच्याच खटपटीत होता. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ फ्रेडरिकचा द्वेष करी, तीही त्या बाजूला गेली. मे महिन्यात इंग्लंडने फ्रान्सविरुद्ध युद्ध जाहीर केले. आपल्याला चारी बाजूंनी आवळत आहेत असे पाहून फ्रेडरिकने २९ ऑगस्टला शेजारच्या सॅक्सनीत फौज घातली.

हे युद्ध अटळ होते असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला ते पटत नाही. तिन्ही ठिकाणी जागेवरची माणसे राजधानीच्या पुढे धावली आणि राजधानीने मागाहून त्यांची पाठराखण केली. प्रत्येक दरबाराला वाटत होते की आपण एक पाऊल टाकले तर समोरचा घाबरेल. कोणीच घाबरले नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो, कारण इथली गोष्ट या युद्धाच्या इतिहासांत एका ओळीत उरकतात आणि मला ती फार मोलाची वाटते.

१७५५ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट क्लाइव्ह इंग्लंडहून मुंबईत उतरला. बरोबर तोफखाना आणि गोरी पलटण होती. पाठोपाठ ॲडमिरल वॉटसनचे शाही आरमार आले. त्यांचा मूळ बेत काय होता? पेशव्यांशी हात मिळवून हैदराबादेत बुसीवर चाल करायची. म्हणजे फ्रेंचांविरुद्धच्या युद्धाचा पहिला वार पुण्याच्या वाटेने दख्खनवर पडणार होता. पण मद्रासला झालेला समेट पुढे करून मुंबईच्या कौन्सिलने नकार दिला. एवढे आरमार, एवढे सैन्य, आणि हाताला काम नाही. तेव्हा ते वळले तुळाजी आंग्र्यांकडे.

तुळाजी विजयदुर्गावर होता. इंग्रज या किल्ल्याला शेजारच्या गिर्ये गावावरून घेरिया म्हणत. तो नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हता, खंडणी देत नव्हता, भावाशीही त्याचे वैर होते. त्याला नमवण्यासाठी नानासाहेबांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केलाच होता. त्यानुसार एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सच्या जहाजांनी सुवर्णदुर्ग पाडला होता. आता पाळी विजयदुर्गाची. जमिनीवरून पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव फौज घेऊन आले, समुद्रातून वॉटसन.

१२ फेब्रुवारी १७५६. वाघोटण खाडीच्या तोंडाशी केंट, टायगर, कंबरलँड, सॉल्सबरी ही जहाजे रांगेने उभी राहिली आणि तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. दुपारी चारच्या सुमारास एक पेटता गोळा त्यातल्या मोठ्या जहाजावर पडला. ते जहाज मुळात इंग्रज कंपनीचेच, आंग्र्यांनी पकडलेले. त्याने पेट घेतला, दोर जळाले, आणि ते भडकत दुसऱ्यांवर जाऊन आदळले. कान्होजींच्या काळापासून ज्या आरमाराला मुंबईपासून कोचीनपर्यंतचे व्यापारी वचकून होते, ते सूर्य मावळेपर्यंत राख झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. लुटीची वाटणी वॉटसन, क्लाइव्ह आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच आपापसांत ठरवली होती आणि तीत मराठ्यांचा वाटा नव्हता. सुमारे दहा लाखांची ती लूट. किल्ला पेशव्यांच्या हाती यायला ऑक्टोबर उजाडला, तोही बाणकोट इंग्रजांना देऊन. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला.

मी दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन विजयदुर्गाच्या तटावर जात असे. खाडीकडे तोंड करून उभे राहिले की त्या दिवशीची जहाजांची जागा नीट लक्षात येते. आत थोड्या अंतरावर खडकात कोरलेली आंग्र्यांची जुनी गोदीही आहे. तिथे मुलांना एकच प्रश्न विचारायचो: इथून ही जहाजे कुठे गेली?

मद्रासला गेली. २० जून १७५६ रोजी बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कोलकाता घेतले. इंग्रजांनी त्याच्या परवानगीवाचून किल्ल्याची डागडुजी चालवली होती, आणि त्याचे कारणही फ्रेंचांशी होऊ घातलेले युद्धच होते. ऑगस्टमध्ये ती बातमी मद्रासला पोचली, १६ ऑक्टोबरला वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालकडे निघाले. बरोबर सुमारे नऊशे गोरे आणि दीड हजार तेलंगी शिपाई. २ जानेवारी १७५७ ला कोलकाता परत घेतले. आदल्या मे महिन्यात युरोपात पुकारलेले युद्ध एव्हाना त्यांना कळले होते. बातमी इकडे पोचेपर्यंत १७५६ साल संपत आले होते. मग लक्ष गेले हुगळीवरच्या फ्रेंचांच्या चंदननगरकडे. सिराज अडवू शकला असता. पण त्याच जानेवारीत अब्दाली दिल्लीत शिरला होता, आणि तो पूर्वेला येतो की काय या धास्तीने सिराजचे पाऊल अडले. २३ मार्चला चंदननगर पडले. तीन महिन्यांनी, २३ जूनला, प्लासी झाली. विजयदुर्गावर तोफा डागणारी केंट आणि टायगर हीच जहाजे चंदननगरसमोर उभी होती. केंटची इतकी चाळण झाली की ते पुन्हा समुद्रावर गेले नाही.

प्लासीच्या लढाईचे वर्णन करत नाही, ते सर्वांना ठाऊक आहे आणि लढाई म्हणून ती फार मोठी नव्हती. फितुरी आधीच झाली होती. मोठे होते ते त्यानंतरचे. बंगालचा पैसा. नवा नवाब मीर जाफर याच्याकडून एकट्या क्लाइव्हच्या पदरात २ लाख ३४ हजार पौंड पडले. कंपनीच्या तिजोरीत आले ते वेगळेच. त्या पैशावर पुढची चार वर्षे मद्रासकडचे फ्रेंचांविरुद्धचे युद्ध चालले.

नानासाहेबांनी आपल्याच हाताने आपले आरमार बुडवले, असे आपल्याकडे त्वेषाने म्हणतात. परिणाम पाहिला तर ते खोटे नाही, आणि मलाही त्या राखेचे दुःख आहे. पण दोष देताना एवढे ध्यानात घ्या की पुण्यातून पाहणाऱ्याला तुळाजी हा बंडखोर सरदार होता आणि इंग्रज हे भाड्याने मिळणारे तोफखानेवाले. ती जहाजे एका जगव्यापी युद्धाच्या तयारीतली आहेत, हे पुण्याला दिसण्याची सोयच नव्हती. लंडन, पॅरिस, क्वेबेक, मद्रास यांच्यात पत्रे फिरत होती. पुण्याचे उत्तम वकील दिल्लीत, हैदराबादेत, श्रीरंगपट्टणला होते. समुद्रापलीकडे एकही नव्हता. ही उणीव मला आरमार गमावण्याहून मोठी वाटते.

युरोपातल्या लढायांचे आता थोडक्यात सांगतो. जेमतेम ४५ लाख वस्तीचा प्रशिया ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया आणि स्वीडन यांच्याशी एकाच वेळी लढत होता. फ्रेडरिकने १७५७ च्या नोव्हेंबरात रोसबाखला फ्रेंचांना आणि बरोबर महिन्याने लॉयथेनला ऑस्ट्रियनांना असे हरवले की आजही सैनिकी शाळांत त्या लढाया शिकवतात. पण ऑगस्ट १७५९ मध्ये कुनर्सडोर्फला त्याने पन्नास हजारांतले एकोणीस हजार लोक गमावले. पुढच्या वर्षी रशियन आणि ऑस्ट्रियन फौजा बर्लिनमध्ये शिरल्या. तो वाचला तो एका मृत्यूमुळे: ५ जानेवारी १७६२ ला रशियाची एलिझाबेथ गेली, आणि गादीवर आलेला तिसरा पीटर फ्रेडरिकचा भक्त निघाला. त्याने तत्काळ तह केला. सहा महिन्यांत पीटरची बायको कॅथरिन हिने त्याला पदच्युत केले, पण रशिया पुन्हा युद्धात उतरला नाही.

इंग्लंडचे मात्र सुरुवातीला हाल होते. भूमध्य समुद्रातले मिनोर्का बेट गेले, आणि ते वाचवू न शकलेल्या ॲडमिरल बिंग याला त्याच्याच देशाने मार्च १७५७ मध्ये जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. मंत्र्यांनी आरमार उशिरा आणि अपुरे पाठवले होते. आपली चूक झाकायला त्यांनी एका माणसाचा बळी दिला. मला त्या प्रकरणाची अजून चीड येते.

मग विल्यम पिट या मंत्र्याच्या हाती युद्धाची सूत्रे आली. त्याचा हिशोब असा होता: युरोपच्या जमिनीवर आपण फारसे लढायचे नाही, फ्रेडरिकला वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड द्यायचे आणि फ्रान्सला तिथे गुंतवून ठेवायचे. आपली ताकद समुद्रावर लावायची. फ्रान्सला जमिनीवरही लढायचे होते आणि पाण्यावरही, आणि दोन्हींना पुरेल इतका पैसा नव्हता. इथे या युद्धाची खरी किल्ली आहे, असे माझे मत आहे. इंग्लंडची माणसे शूर होती आणि फ्रान्सची नव्हती, असे काही नाही. फरक कर्जात होता. इंग्लंडच्या सरकारला लोक विश्वासाने कमी व्याजावर पैसे देत, कारण व्याज वेळेवर मिळे आणि संसद त्यामागे उभी असे. फ्रान्सच्या राजाला १७५९ मध्ये देणी थांबवावी लागली. दरबारची चांदीची भांडी वितळवायला टांकसाळीत गेली. पुण्याची अवस्था तर तुम्ही जाणताच. पानिपतावरून भाऊसाहेबांनी पाठवलेल्या पत्रांत पैशाची ओढ सारखी दिसते.

१७५९ हे वर्ष इंग्लंडचे ठरले. १३ सप्टेंबरला क्वेबेकच्या पठारावर वुल्फ आणि माँकाम हे दोन्हीकडचे सेनापती त्या एकाच लढाईत जखमी होऊन मेले आणि शहर इंग्रजांना मिळाले. २० नोव्हेंबरला ॲडमिरल हॉकने वादळात, खडकाळ किब्रोनच्या उपसागरात घुसून फ्रेंच आरमार मोडले. समुद्रपार कुमक पाठवण्याची फ्रान्सची शक्ती तिथे संपली. त्याआधीच सेनेगल, गोरे बेट आणि ग्वाडेलूप इंग्रजांकडे गेले होते. १७६० च्या सप्टेंबरात माँट्रियल पडले आणि कॅनडा गेला.

आता कर्नाटकाकडे आणि तुमच्या मुख्य शंकेकडे येतो. एप्रिल १७५८ च्या अखेरीस फ्रेंच सेनापती लाली कोरोमंडल किनाऱ्यावर उतरला. त्याच महिन्यात राघोबादादा लाहोरात होते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. लाली शूर होता, पण हट्टी आणि तापट, इथल्या माणसांची आणि रीतिरिवाजांची कदर नसलेला. मद्रास घ्यायचे म्हणून त्याने बुसीला हैदराबादेतून सैन्यासह परत बोलावले. बुसीने परोपरीने विनवले, लालीने ऐकले नाही. सात वर्षे जो फ्रेंच हात निजामाच्या पाठीवर होता, तो जूनमध्ये निघाला.

पुढचे सगळे भराभर घडले. लालीने मद्रासला डिसेंबर १७५८ मध्ये वेढा घातला आणि इंग्रज जहाजे मदतीला येताच फेब्रुवारीत उठवला. क्लाइव्हने बंगालमधून पाठवलेल्या फोर्डने एप्रिल १७५९ मध्ये मछलीपट्टण घेतले. सलाबतजंगाने महिन्याभरात इंग्रजांशी तह करून फ्रेंचांना ठेवणार नाही असे कबूल केले. बुसी नसलेला निजाम म्हणजे काय, हे पुण्याने अचूक ओळखले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अहमदनगरचा किल्ला पेशव्यांकडे आला आणि ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला सदाशिवराव भाऊंनी निजामाला असे कोंडले की दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बुऱ्हाणपूर आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख देऊन त्याला सुटका करून घ्यावी लागली. बारा दिवस आधी, २२ जानेवारीला, वांदिवाशला आयर कूटने लालीचा पराभव केला होता आणि बुसी इंग्रजांच्या हाती सापडला होता. उदगीर आणि वांदिवाश या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे मला कागद वाचता वाचता उमगले आणि त्या दिवसापासून मी दोन्ही एकत्रच शिकवल्या.

बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी निजामाकडून सुटून भाऊसाहेबांकडे आला तो याच सुमारास. 'गारदी' हा शब्दसुद्धा युरोपी पहारेकऱ्यांच्या नावावरून आला असे मानतात. उदगीरच्या विजयाने पुण्याला भाऊंच्या नेतृत्वावर आणि तोफा-बंदुकांच्या लढाईवर विश्वास बसला. परतूरहून मार्च १७६० मध्ये भाऊ उत्तरेकडे निघाले ते गनिमी काव्याची रीत बाजूला ठेवून, जड तोफा आणि गारद्यांच्या पलटणी घेऊन. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर तुटून पडले, शेवटपर्यंत हलले नाहीत, आणि बहुतेक सगळे तिथेच राहिले. इब्राहिमखान जखमी अवस्थेत सापडला, त्याला मारले. सात वर्षांच्या युद्धाचा पानिपताशी जो खरा धागा आहे तो हा. यापलीकडे ओढू नका. इंग्रजांनी अब्दालीला आणले वगैरे जे काही फिरत असते, त्याला कागदात आधार नाही.

पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झाले. १६ जानेवारीला पाँडिचेरी इंग्रजांच्या ताब्यात गेली; उपासमारीने शहरात खायला काही उरले नव्हते. दोन दिवसांत हिंदुस्थानात इंग्रजांना अडवू शकणाऱ्या दोन सत्ता जायबंदी झाल्या. हा मात्र योगायोगच. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले. प्लासीला त्या दिवशी चार वर्षे झाली होती.

युद्धाची शेपटी स्पेनमुळे वाढली. फ्रान्सच्या बाजूने स्पेन उतरला आणि १७६२ मध्ये त्याने दोन शहरे गमावली. एक क्यूबातले हवाना. तिथे लढाईत मेले त्यांच्या कित्येक पट इंग्रज शिपाई तापाने मेले. दुसरे मनिला, आणि ती मोहीम निघाली मद्रासहून. कंपनीचे हिंदी शिपाई त्या जहाजांवर होते. मनिलाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध सुरू झाल्याचे कळले ते खाडीत इंग्रज आरमार दिसल्यावर. १७६४ मध्ये इंग्रज परत निघाले तेव्हा काही शिपाई मागेच राहिले, मनिलाजवळच्या कैंता गावात त्यांनी संसार थाटले. त्यांचे वंशज तिथे आहेत.

१० फेब्रुवारी १७६३ ला पॅरिसला आणि पाच दिवसांनी सॅक्सनीत हुबर्टुसबुर्गला तह झाले. सिलेसिया जिथे होता तिथेच, फ्रेडरिककडे. सात वर्षांत युरोपच्या नकाशावर जवळजवळ काहीही हलले नाही. फ्रेडरिकच्याच अंदाजाने त्याचे एक लाख ऐंशी हजार सैनिक मेले. कॅनडा आणि मिसिसिपीच्या पूर्वेचा मुलूख इंग्रजांना मिळाला. साखर पिकवणारे ग्वाडेलूप बेट ठेवावे की बर्फाळ कॅनडा, यावर लंडनमध्ये खरोखर मोठा वाद झाला होता. साखरेला तेव्हा तेवढी किंमत होती, आणि ती साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामाची होती. पाँडिचेरी, चंदननगर, माहे फ्रेंचांना परत मिळाले, पण बंगालमध्ये फौज ठेवायची नाही या अटीवर.

इंग्लंडवरचे कर्ज साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींवर गेले. ते फेडायला अमेरिकेतल्या वसाहतींवर १७६५ मध्ये मुद्रांकाचा कर बसला. फ्रेंच गेल्यामुळे त्या वसाहतींना आता इंग्रजी फौजेच्या संरक्षणाची तितकी गरज उरली नव्हती, मग कर तरी का द्यायचा? मूळ रहिवाशांची अवस्था सर्वांत वाईट झाली. दोन गोऱ्या सत्तांना एकमेकींविरुद्ध तोलून ते आजवर टिकले होते, आता तो तोल गेला. १७६३ मध्ये पाँटियाकच्या नेतृत्वाखाली ते उठले, तेव्हा फोर्ट पिटमधल्या इंग्रजांनी त्यांच्या वकिलांना देवीच्या रोग्यांची पांघरुणे भेट दिली. याची नोंद त्यांच्याच रोजनिशीत आहे.

बंगालमध्ये बक्सारच्या लढाईनंतर, ऑगस्ट १७६५ मध्ये, कंपनीला दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली आणि पाच वर्षांच्या आत बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. डबघाईला आलेल्या त्याच कंपनीचा चहा अमेरिकेत खपवायची सोय १७७३ मध्ये केली, तो बॉस्टनच्या बंदरात फेकला गेला. सूड घ्यायला टपलेल्या फ्रान्सने १७७८ मध्ये अमेरिकनांची बाजू घेतली, आणि त्या खर्चाने स्वतःची तिजोरी पुन्हा रिकामी केली. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीची वाट तिथून जाते. मधल्या काळात, १७७७ मध्ये, सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणविसांच्या दारी आला आणि कोलकात्याचे इंग्रज हादरले. समुद्रापलीकडचे भांडण आपल्या कामी कसे आणावे हे नानांना उमगले होते, वीस वर्षे उशिरा का होईना. लालीचे काय झाले म्हणाल, तर पॅरिसला परत गेल्यावर त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि मे १७६६ मध्ये त्याचे डोके उडवले.

पॅरिसच्या तहातले अकरावे कलम हिंदुस्थानाबद्दल आहे. जमल्यास ते मिळवून वाचा. त्यात इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मिळून सलाबतजंगाला दख्खनचा खरा सुभेदार म्हणून मान्यता दिली. ज्या दिवशी सह्या झाल्या, त्या दिवशी सलाबतजंग बिदरच्या किल्ल्यात कैदेत होता. त्याचा भाऊ निजामअली याने त्याला सात महिन्यांपूर्वीच गादीवरून काढले होते. सप्टेंबरात त्याला तिथेच मारले. कलमातले त्याचे नाव तसेच राहिले.